दहा हजार वह्या कोण तपासतं?

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरा वर, बेकर नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर, मालकी अमेरिकेची आणि वस्ती शून्य. समुद्रपक्षी सोडले तर तिथं कुणी राहत नाही. तरीही जगभरातले हजारो नोकरदार दर आठवड्याला या ओसाड बेटाच्या वेळेकडे डोळे लावून बसतात. पृथ्वीवर कोणताही वार सगळ्यात शेवटी संपतो तो याच पट्ट्यात. त्यामुळे 'रविवारी रात्री ११.५९, पृथ्वीवर कुठेही' अशी गृहपाठाची मुदत दिली की तिचा अर्थ होतो, बेकर बेटावरचा रविवार संपेपर्यंत. पुण्यात त्या वेळी सोमवारच्या संध्याकाळचे ५ वाजून २९ मिनिटं झालेली असतात. म्हणजे भर ऑफिसची वेळ. पुण्यात राहून शिकणाऱ्याला रविवारची अख्खी रात्र हाताशी मिळते खरी, पण शेवटचा हात फिरवायला ठेवलेली असाइनमेंट चहाच्या सुट्टीत सबमिट करायची वेळ येते.

अटलांटा शहरातल्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे जॉर्जिया टेकच्या संगणकशास्त्रातल्या ऑनलाइन मास्टर्समध्ये अनेक विषयांना हीच मुदत असते. या एका अभ्यासक्रमात एका वेळी दहा हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. त्यातले बहुतेक पूर्णवेळ नोकरी करणारे. व्याख्यानाचं चित्रीकरण एकदा झालं की ते दहा जणांनी पाहिलं काय आणि दहा लाखांनी पाहिलं काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. उत्तरपत्रिकेचं तसं नाही. ती ज्याची त्याची वेगळी असते, एकेक करून वाचावी लागते, चूक कुठं झाली ते सांगावं लागतं, आणि ती त्यानंच लिहिली आहे याची खात्रीही करावी लागते. ऑनलाइन पदवीचं खरं नवल इथं आहे. दुरून शिकवण्याची युक्ती माणसाला फार पूर्वी सापडली. दुरून तपासायचं कसं, या प्रश्नाशी तो पावणेदोनशे वर्षं झुंजतो आहे.

शिकवत नसलेली विद्यापीठं

१८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालानं शिकवायला सुरुवात केली. कार्डावर लघुलिपीचा धडा जायचा, विद्यार्थी तो उलगडून परत पाठवायचा, आणि चुका दुरुस्त होऊन कार्ड पुन्हा त्याच्या हाती यायचं. छापील धडे पिटमनच्या आधीही होते. त्यांची भर होती ती परतीच्या कार्डाची.

लंडन विद्यापीठानं १८५८ साली याहून धाडसी पाऊल टाकलं. कोणत्याही महाविद्यालयात हजेरी न लावता, घरी अभ्यास करून थेट परीक्षेला बसता येईल, असं त्यानं ठरवलं. कुठं शिकलात, कुणाकडे शिकलात, दिवसा शिकलात की रात्री, हे विद्यापीठ विचारणार नव्हतं. पेपर मात्र कडक निघणार होता. १८७८ साली याच विद्यापीठानं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पदव्या खुल्या केल्या. पुढं विसाव्या शतकात नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना कायद्याचा अभ्यास केला, तोही याच विद्यापीठाच्या बाह्य अभ्यासक्रमातून.

मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडनच्याच धर्तीवर. ते विद्यापीठ शिकवत नव्हतं. शिकवायची ती एल्फिन्स्टनसारखी महाविद्यालयं. विद्यापीठ अभ्यासक्रम आखायचं, परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. १८६२ साली मुंबईतून बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, त्या विद्यापीठाचा एकही वर्ग तेव्हा भरत नव्हता. स्वतः शिकवण्याचा रीतसर अधिकार भारतीय विद्यापीठांना मिळाला तो १९०४ च्या कायद्यानं. 'वर्गात न बसता मिळालेली पदवी' म्हणून आज ऑनलाइन पदवीला नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवायला हरकत नाही. पदवीला किंमत आली ती परीक्षेवरच्या विश्वासामुळे.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं हा धडा नीट गिरवला. १९६९ साली सनद मिळालेल्या या विद्यापीठानं १९७१ च्या जानेवारीत शिकवायला सुरुवात केली. बीबीसीवरच्या त्याच्या व्याख्यानांचा बोलबाला झाला. पहाटे आणि रात्री उशिरा टीव्हीवर लागणारे हे कार्यक्रम २००६ पर्यंत चालू होते. पण विद्यापीठ उभं होतं ते टपालानं येणाऱ्या गृहपाठांवर आणि ते तपासणाऱ्या अर्धवेळ ट्यूटरांवर. समासात शेरे, शेवटी अर्धं पान अभिप्राय आणि गुण. फाउंड्रीतला कामगार असो की दोन मुलांची आई, त्यांचा विद्यापीठाशी जिवंत संबंध यायचा तो या शेऱ्यांतून.

कारकुनी कामातून जन्मलेला विषय

तपासणीकडे परत येऊच, पण आधी शिकायचं काय ते पाहू. नोकरी करता करता शिकायला सोयीचे म्हणावेत असे जे थोडे विषय आहेत, त्यांत माहिती प्रणाली हा विषय अग्रभागी येतो. कारण तो जन्मलाच मुळी नोकरीच्या जागी.

लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी होती. चहाची दुकानं आणि बेकरी हा तिचा धंदा. रोज हजारो पाव आणि केक यांचा हिशेब ठेवताना कारकुनांची फौज पुरी पडेना. बाजारात धंद्याला उपयोगी पडेल असा संगणक मिळत नव्हता, म्हणून कंपनीनं केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या यंत्राच्या धर्तीवर स्वतःचाच संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यानं बेकरीतल्या मालाचं मूल्यांकन नेमानं करायला घेतलं. संगणकावर नियमित चाललेलं धंद्याचं हे पहिलं काम मानलं जातं. तोफगोळ्यांची गणितं आणि अणूची समीकरणं सोडवणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात हे यंत्र पावाचा हिशेब करत होतं.

पुढच्या दशकात बँका, विमा कंपन्या, रेल्वे सगळ्यांनीच संगणक घेतले आणि एक नवी अडचण समोर आली. यंत्र जाणणाऱ्याला धंदा कळत नव्हता आणि धंदा जाणणाऱ्याला यंत्र. दोन्हीकडची भाषा समजणारी माणसं तयार करण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६८ च्या सुमारास व्यवस्थापकीय माहिती प्रणालीचा रीतसर अभ्यासक्रम उभा केला. डेटाबेस, प्रणालीचं विश्लेषण, प्रकल्प व्यवस्थापन, नेटवर्क, माहितीची सुरक्षा ही आजच्या अभ्यासक्रमांची विषयसूची तिथूनच वाढत आली.

या विषयात नेमकं काय शिकवतात ते एका उदाहरणातून पाहू. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेची कर्जवही घ्या. प्रत्येक कर्जाची एक ओळ, आणि त्या ओळीत सभासदाचं नाव, पत्ता, फोन, कर्जाची रक्कम, जामीनदाराचं नाव आणि जामीनदाराचा पत्ता. वही कागदावर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तीच वही एक्सेलमध्ये चढवली की गोंधळ सुरू होतो. एका सभासदानं तीन कर्जं घेतली आहेत आणि दोघांना तो जामीन आहे, म्हणजे त्याचा पत्ता पाच ठिकाणी लिहिलेला आहे. तो संगमनेर सोडून नाशिकला गेला. कारकुनानं दोन ओळींत पत्ता बदलला, तीन राहिल्या. आता नोटीस कुठं पाठवायची? संगणक दोन्ही पत्ते तितक्याच ठामपणे दाखवतो. त्यात एक कर्ज फिटलं म्हणून कुणी ती ओळच काढून टाकली आणि जामीनदाराचा फोन फक्त तिथंच असला, तर तो फोनही गेला.

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली या दुखण्यावर गणिती औषध शोधलं. सभासदांचा तक्ता वेगळा, कर्जांचा वेगळा, जामिनांचा वेगळा. सभासदाचा पत्ता एकदाच आणि एकाच जागी. बाकी सगळीकडे फक्त त्याचा सभासद क्रमांक. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, या तत्त्वाला नॉर्मलायझेशनच्या पायऱ्यांचं नेमकं रूप पुढच्या काही वर्षांत आलं. कॉड यांना १९८१ साली संगणकक्षेत्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉलेजातून थेट आलेला मुलगा हे नियम पाठ करतो आणि परीक्षेत तक्ते फोडून दाखवतो. पतसंस्थेत, रुग्णालयात किंवा कारखान्याच्या स्टोअरमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाला मात्र धडा वाचता वाचताच आपल्याकडचा कोणता रिपोर्ट दर महिन्याला का जुळत नाही, याचा उलगडा होतो. त्याच्यासाठी नोकरी हीच प्रयोगशाळा असते.

सात हजार डॉलर

२०११ च्या शरद ऋतूत सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डमधला कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला विषय इंटरनेटवर फुकट खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावं नोंदवली आणि २० हजारांहून अधिकांनी तो पुरा केला. थ्रन यांनी यातूनच युडॅसिटी ही कंपनी काढली. २०१३ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर तिनं १५० डॉलरमध्ये एकेक विषय शिकवायचा प्रयोग केला. निकाल प्रत्यक्ष वर्गांपेक्षा खाली गेला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. गणितात कच्चे असलेल्या, घरी इंटरनेटची खात्री नसलेल्या मुलांना नुसत्या व्हिडिओंच्या भरवशावर सोडून चालत नाही, हे त्यातून कळलं.

जॉर्जिया टेकनं १४ मे २०१३ रोजी आपली घोषणा केली, ती या धामधुमीत. संगणकशास्त्राचं मास्टर्स आता घरबसल्या मिळेल, आणि पूर्ण पदवीचा खर्च सात हजार डॉलरच्या आत राहील. म्हणजे आजच्या दरानं साधारण सहा लाख रुपये. राज्याबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष वर्गातल्या याच पदवीसाठी ४० हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. संगणक महाविद्यालयाचे तेव्हाचे डीन झ्वी गलील यांनी हा हट्ट धरला होता. चित्रीकरणाची आणि तंत्राची बाजू युडॅसिटीकडे होती, आणि सुरुवातीचे २० लाख डॉलर एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनं दिले. कंपनीला आपल्या कामावरच्या माणसांना नवं तंत्र शिकवायचं होतं, आणि त्यांना दोन-दोन वर्षं रजेवर पाठवणं परवडणारं नव्हतं.

जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ३८० विद्यार्थ्यांनिशी अभ्यासक्रम सुरू झाला. दहा विषय, ३० क्रेडिट, आणि ते पुरे करायला सहा वर्षांची मुदत. डेटाबेस, माहिती सुरक्षा, सॉफ्टवेअर विकासाची प्रक्रिया, माणूस आणि यंत्र यांचा संवाद असे माहिती प्रणालीला जवळचे विषय त्यात आहेत. पदवीच्या प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' हा शब्दही नसतो. वर्गात बसलेल्याला जी पदवी, तीच याला. पहिल्या दहा वर्षांत दहा हजारांहून अधिक विद्यार्थी ही पदवी घेऊन बाहेर पडले. २०१७ मध्ये डेटा विश्लेषणाची आणि २०१९ मध्ये सायबर सुरक्षेची ऑनलाइन पदवीही संस्थेनं याच साच्यात सुरू केली.

तपासणीची यंत्रं आणि माणसं

मग दहा हजार वह्या तपासतं कोण? उत्तर एका शब्दात देता येत नाही. कामाची वाटणी पाच-सहा हातांत झाली आहे, आणि त्यातले काही हात यंत्राचे आहेत.

पहिली चाळणी ऑटोग्रेडरची. विद्यार्थ्यानं लिहिलेला प्रोग्राम बंदिस्त जागेत चालवला जातो आणि ठरलेल्या कसोट्यांवर घासला जातो. रिकामी यादी दिली तर काय होतं? ऋण संख्या दिली तर? दहा लाख नोंदी दिल्या तर तो वेळेत संपतो का? काही मिनिटांत गुण समोर येतात. रात्री जागून काम करणाऱ्याला शिक्षक उठायची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी चाळणी नक्कल पकडणारी. या कामासाठी जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाणारी मॉस ही प्रणाली ॲलेक्स ऐकन यांनी १९९४ साली तयार केली. तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मित्राचा प्रोग्राम उतरवून घेणारा सहसा चलांची नावं बदलतो, टिपा काढून टाकतो, मध्ये मोकळ्या ओळी घालतो. मॉस आधी हे वरवरचं सगळं पुसून टाकते. मग उरलेल्या मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे छोटे तुकडे पाडते. पहिल्या अक्षरापासूनचा एक, दुसऱ्यापासूनचा दुसरा, असे. प्रत्येक तुकड्याचं ठरावीक सूत्रानं एका संख्येत रूपांतर होतं. इतक्या संख्या साठवणं अवघड, म्हणून सलग काही संख्यांच्या प्रत्येक घोळक्यातून सगळ्यात लहान तेवढी निवडली जाते. निवडलेल्या संख्या म्हणजे त्या प्रोग्रामचे अंगठ्याचे ठसे. दोन प्रोग्रामचे ठसे मोठ्या प्रमाणात जुळले की प्रणाली बोट दाखवते. ठरलेल्या लांबीपेक्षा मोठा समान मजकूर तिच्या नजरेतून सुटू शकत नाही, हे २००३ साली ऐकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितानं सिद्ध केलं. प्राध्यापकांनीच सगळ्यांना दिलेला मूळ सांगाडा तुलनेतून वगळायची सोयही तिच्यात आहे. पण ही नक्कलच आहे का, याचा निकाल मॉस देत नाही. तो माणसानं द्यायचा असतो.

तिसरा हात सहाध्यायांचा. काही विषयांत प्रत्येकानं इतर तिघा-चौघांचे निबंध किंवा प्रकल्प वाचून अभिप्राय द्यायचा असतो. रुग्णालयाची नोंदणी प्रणाली कशी असावी यावर बँकेत काम करणारा लिहितो आणि खऱ्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका त्यातली चूक दाखवते, असे प्रसंग वर्गात फार कमी येतात.

प्रश्नोत्तरांच्या फळ्यावरचा एक हात तर सगळ्यांना चकवून गेला. ज्ञानाधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकवणाऱ्या प्रा. अशोक गोयल यांच्याकडे एका सत्रात सुमारे ३०० विद्यार्थी असत आणि त्यांच्या प्रश्नोत्तरांचे दहा हजारांच्या घरात निरोप जमत. त्यातले कितीतरी प्रश्न तेच ते. फाईल कोणत्या प्रकारात पाठवायची, शब्दमर्यादा किती, मुदत वाढेल का. गोयल आणि त्यांच्या गटानं आधीच्या सत्रांतले सुमारे ४० हजार निरोप पुरवून आयबीएमच्या वॉटसन या तंत्रावर एक सहायक तयार केली आणि तिचं नाव ठेवलं जिल वॉटसन. २०१६ च्या जानेवारीत ती इतर सहायकांच्या पंक्तीत जाऊन बसली. उत्तराबद्दल ९७ टक्के खात्री असली तरच तिनं बोलायचं, असा दंडक होता. सत्र संपत आलं तेव्हा गोयल यांनी गुपित फोडलं. एवढे दिवस आपण यंत्राशी बोलत होतो, हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. एक मात्र खरं, की जिल गुण देत नव्हती. ती माणसांचा वेळ वाचवत होती, आणि तो वेळ वह्या वाचायला मिळत होता.

शेवटी वही वाचणारा माणूसच. अभ्यासक्रमाची धुरा सांभाळणारे डेव्हिड जॉयनर यांच्या विषयांत लेखी प्रकल्पांवर सहायकांनी सविस्तर शेरे द्यायचे असतात. विद्यार्थी वाढले तसे एवढे सहायक आणायचे कुठून, हा पेच उभा राहिला. कॅम्पसवरचे संशोधक विद्यार्थी पुरे पडणं शक्य नव्हतं. तोडगा अभ्यासक्रमातूनच निघाला. ऑनलाइन शिकून गेलेले कितीतरी माजी विद्यार्थी आपली दिवसाची नोकरी सांभाळून संध्याकाळी तपासनीस म्हणून परतले. त्यांना मिळणारं मानधन हा मुख्य भाग नव्हेच. त्यांतल्या अनेकांचे पगार मोठे असतात. आपल्याला कुणीतरी नीट वाचलं होतं, याची जाणीव त्यांना परत आणते. जेवढे विद्यार्थी वाढतात, तेवढे उद्याचे तपासनीसही वाढतात.

परीक्षेच्या वेळची पाळत हा यातला सगळ्यात कडू भाग. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, खोलीभर कॅमेरा फिरवायचा, पडद्यावरून नजर हटली की यंत्र खूण करून ठेवणार. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका संघीय न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारी विद्यापीठानं परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या घरातली खोली कॅमेऱ्यानं अशी न्याहाळणं घटनेत बसत नाही, असा निर्णय दिला. विश्वास आणि खासगीपणा यांतली ओढाताण अजून संपलेली नाही.

कोण येतं आणि कोण टिकतं

जोशुआ गुडमन, ज्युलिया मेलकर्स आणि अमांडा पॅले या अभ्यासकांनी जॉर्जिया टेकच्या या प्रयोगाचा अर्थशास्त्राच्या अंगानं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वर्गासाठी अर्ज करणारा सरासरी उमेदवार २४ वर्षांचा आणि अमेरिकेबाहेरचा होता. ऑनलाइनसाठी अर्ज करणारा ३४ वर्षांचा, नोकरीत स्थिरावलेला अमेरिकन. दोन्ही गटांत सरमिसळ जवळपास नव्हतीच. म्हणजे स्वस्त पदवीनं महाग पदवीचे विद्यार्थी पळवले नाहीत. याहून बोलकी गोष्ट पुढची. ज्यांना थोडक्यात प्रवेश हुकला, त्यांतल्या बहुतेकांनी दुसरीकडे कुठेच प्रवेश घेतला नाही. ही पदवी नसती तर ते शिकलेच नसते. अमेरिकेत दरवर्षी संगणकशास्त्राचं मास्टर्स करणाऱ्या अमेरिकनांच्या संख्येत या एका अभ्यासक्रमामुळे सुमारे ७ टक्क्यांची भर पडेल, असा त्यांचा अंदाज होता.

दर्जाचं काय? ऑनलाइन आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, कोण कुठला हे तपासणाऱ्याला न सांगता तपासल्या गेल्या, तेव्हा ऑनलाइनवाले मागे पडले नाहीत.

मात्र दार मोठं असलं की आत आलेल्यांची गळतीही होते. जॉर्जिया टेक पात्रतेत बसणाऱ्या बहुतेकांना आत घेतं, पण पहिल्या वर्षात पायाभूत यादीतले दोन विषय किमान 'बी' श्रेणीत पार करावे लागतात. खरी निवड प्रवेशअर्जावर होत नाही, ती पहिल्या वर्षात होते. या गळतीमागं बुद्धी कमी पडली असं क्वचितच असतं. रिलीजचा आठवडा, ऑन-कॉलची पाळी, मुलांची वार्षिक परीक्षा आणि विषयातला सगळ्यात मोठा प्रकल्प एकाच पंधरवड्यात येतात. म्हणून अनुभवी मंडळी एका सत्रात एकच विषय घ्या, असं सांगतात. वर्षाला तीन सत्रं धरली तरी दहा विषयांना तीन वर्षांहून जास्त लागतात. ही लांब पल्ल्याची चाल घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेली बरी.

आपल्याकडे

भारतात टपालानं उच्चशिक्षण द्यायला दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली सुरुवात केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आलं, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले.

नोकरदार अभियंत्यांसाठी पिलानीच्या बिट्स संस्थेची वाट जुनी आणि वेगळी आहे. १९७९ पासून ही संस्था कामाशी जोडलेले पदवी अभ्यासक्रम चालवते. इथं नोकरी ही अडचण नसून प्रवेशाची अटच आहे. कामाच्या ठिकाणचा एक अनुभवी वरिष्ठ मार्गदर्शक म्हणून नेमावा लागतो, वर्ग शनिवार-रविवारी किंवा ऑफिस सुटल्यावर भरतात, आणि शेवटच्या सत्रातला प्रबंध आपल्याच कंपनीतल्या खऱ्या कामावर लिहायचा असतो. विप्रोनं १९९५ मध्ये याच संस्थेशी करार करून विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरीत घेतलं आणि काम करता करता सॉफ्टवेअरचं मास्टर्स करण्याची वाट खुली केली.

शिकवणं स्वस्त आणि तपासणं महाग, हे सगळ्यात उघडपणे दिसतं ते एनपीटेलमध्ये. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाची व्याख्यानं फुकट आहेत. नावनोंदणी फुकट, दर आठवड्याची असाइनमेंटही फुकट. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला, जी ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यायची असते. नेहमीच्या विषयात असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. घरी बसून केलेल्या कामापेक्षा केंद्रावरच्या पेपराला तिप्पट वजन.

परीक्षेला एवढं वजन का द्यावं लागतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालातून कळतं. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी नसताना अभियांत्रिकीच्या पदव्या दूरशिक्षणानं वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयानं स्थगित केल्या आणि त्या परत मिळवायच्या तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा पास व्हायला सांगितलं. वर्षानुवर्षं नोकरीत असलेल्या माणसांना पुन्हा पेपर द्यावा लागला, कारण त्यांची पहिली पदवी मंजुरीशिवाय दिलेली होती.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम लागू आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र यांना ऑनलाइन पदवीची मुभा नाही. एमसीए आणि माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मात्र मंजुरी घेऊन आहे. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजावी, असं आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या विषयाची आणि कोणत्या वर्षाची मंजुरी आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. मंजुरी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक मिळते. म्हणून नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही.

प्रवेशाआधी विचारायचं काय

जाहिरातीत प्राध्यापकांची नावं, व्हिडिओंचे तास, ॲपचे फोटो आणि हप्त्यांची सोय असते. समुपदेशक फोनवर पगारवाढीचे आकडे सांगतो. त्याला चार साधे प्रश्न विचारावेत. माझा प्रकल्प कोण वाचणार, आणि त्या माणसाकडे असे किती प्रकल्प असतात? शेरे किती दिवसांत मिळतात? गुण पटले नाहीत तर दाद कुठं मागायची? परीक्षा कुठं, कशी आणि कुणाच्या देखरेखीखाली होते? उत्तरं नेमकी मिळाली तर संस्था कामाची. 'ते सगळं ऑनलाइन होतं, काळजी करू नका' असं ऐकू आलं, तर काळजी करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

डेटाबेसवरची उत्तम व्याख्यानं आज कुणालाही फुकट ऐकता येतात. ती ऐकून हुशार झालेल्या माणसाला पदवीची गरज भासते ती दोन कारणांसाठी. आपण चुकतो कुठं ते कुणीतरी दाखवावं, आणि आपल्याला येतं हे परक्या माणसाला पटावं. ही दोन्ही कामं तपासणाऱ्याची आहेत, आणि फी मोजायची ती त्याचसाठी.